पोच न मिळालेला फॅक्स

भुताची गोष्ट सांगते, पण आधीच सांगून ठेवते, हिच्यात मला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. तरी दिवा राहू द्या. काही बिघडत नाही.

१९९६ चा एप्रिल. पलासियाला रघुवीरजींची पंपांची एजन्सी होती, तिथे मी टायपिस्ट. फॅक्स मशीन माझ्याच टेबलावर. सांवेर रोडच्या कारखान्यांच्या ऑर्डरी त्यावर यायच्या, आणि त्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, शारदेचं, नशीबही त्यावरच यायचं होतं. शाम मस्कतला नोकरीला. दोघं एकमेकांना पसंत, पण त्याला सुटी मिळाली तर आठ मेला लग्न. नाही मिळाली तर बोलणी मोडली, असं त्याच्या आईनं तोंडावर सांगितलं होतं. हो की नाही ते तो शनिवारी चारपर्यंत फॅक्सनं कळवणार होता. आमच्या घरी फोन नव्हता. बाबांना जाऊन सतरा वर्षं झालेली, आई त्यांच्याही आधी गेली. शारदेची आई, बाप, मामा, सगळं मीच.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो नको असलेला फॅक्स सुरू झाला.

सोमवारी दुपारी दीडला, सगळे डबे उघडून बसलेले असताना, मशीन वाजलं. शिट्टी झाली, कागद सरसरत बाहेर आला. वर पाठवणाऱ्याचा नंबर, फक्त चार आकडी. खाली वळणावळणाची एक ओळ, कुणाला वाचता येईना. मग पुन्हा तेच पान. पुन्हा तेच. रोल संपला तेव्हाच मशीन गप्प झालं. मंगळवारी दीडला तोच प्रकार.

बुधवारी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चार बटणं दाबून तो नंबर ब्लॉक केला आणि हात झटकले. "लो दीदी, अब इसका बाप भी नहीं आ सकता."

गुरुवारी दीडला शिट्टी वाजली. शुक्रवारीही वाजली. रघुवीरजींचा पारा चढला.

"बेबीताई, हा शेवटचा रोल. उद्या परत हे झालं तर मशीन सीधा कपाटात. समझ गई ना?"

मी समजले. कपाटात मशीन जाणार नव्हतं, शारदेचं लग्न जाणार होतं.

शनिवारी ऑफिस अर्धं. एकला सगळे गेले. राहिले मी आणि दत्तोपंत. त्र्याहत्तर वर्षांचे दत्तोपंत फक्त शनिवारी येत, आठवड्याची पत्रं लावून ठेवायला. पूर्वी ते आणि माझे बाबा एकाच सरकारी दफ्तरात कारकून होते, होळकरशाहीपासून. बाहेर ऊन रणरणत होतं. टेंपोंचा आवाज येत होता, आणि मग, मला नीट आठवतंय, तो यायचा थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही.

दीडला मशीन वाजलं.

मी धावले आणि फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. वायर माझ्या हातात लोंबत राहिली. कागद येतच राहिला. कागदाला तापलेल्या मशीनचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक ओळखीचा वास. तपकिरीचा.

"दत्तोपंतकाका... जरा इकडे या..."

त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं.

"हे मोडी आहे, बेबी. आणि हा नंबर... आपल्या जुन्या दफ्तराचा. तो फोन कटून जमाना झाला."

"काय लिहिलंय?"

"'शारदेच्या लग्नाची तारीख कळली नाही. पोच द्यावी.'" त्यांचा आवाज खाली गेला. "अक्षर मालोजीचं आहे. तुझ्या बाबांचं."

बाबांच्या बोटांना कायम तपकिरीचा वास असायचा. मशीन पान टाकत होतं, आणखी एक, आणखी एक. आणि दत्तोपंत चक्क हसायला लागले.

"मालोजीला ब्लॉक करतेस? अगं, पोच आल्याशिवाय त्यानं जन्मात कागद सोडला नाही! एका साहेबाला त्यानं एकाच पत्राच्या अकरा नकला धाडल्या होत्या. त्याला थांबवायचं तर एकच इलाज, पोच दे."

चूक माझीच होती. आमच्यात लग्नाचं आधी देवाला सांगायचं, मग गेलेल्या माणसांना, मग गावाला. मी म्हटलं होतं, तारीख ठरू दे, मग सांगू. गावभर सांगून झालं होतं, बाबांना नव्हतं.

"लिहा काका, मोडीतच. पोच मिळाली. शारदेचं लग्न आठ मे. अगत्य येणे करावे."

"पण तारीख ठरलीये का?"

"नाही ठरली. आता बाबांनीच बघावं."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. वायर परत लावली आणि ते चार आकडे दाबले. पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी उचललं. शिट्टी झाली, कागद आत गेला, आणि पट्टीवर 'ओके' उमटलं. मशीन थांबलं. बाहेर टेंपो परत वाजू लागले.

रोल चार बोटं उरला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. तीन वाजले. साडेतीन. चाराला दहा कमी असताना मस्कतहून फॅक्स आला. सुटी मंजूर. पान संपलं आणि रोलही संपला. मी दत्तोपंतांचे हात धरून पलासियाच्या त्या ऑफिसात फुगडी घातली, त्यांचा चष्मा पडला तरी सोडलं नाही. त्याच संध्याकाळी सराफ्यात जाऊन शारदेचं मंगळसूत्र पसंत केलं.

लग्न झकास झालं. नंतरच्या शनिवारी दीडला एकच पान आलं. दत्तोपंतांनी वाचलं: "पोच. मठ्ठा पाणचट होता. बाकी समाधान." मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. ऐन पंगतीत मठ्ठ्यात दोन घागरी पाणी ओतलं होतं, ते फक्त मला आणि आचाऱ्याला माहीत होतं.

फॅक्सचा कागद चार-पाच वर्षांत पांढरा पडतो. शामचा तो मंजुरीचा कागद कधीच कोरा झाला. बाबांची पोच माझ्या ट्रंकेत आहे, आणि तिच्यावरची अक्षरं दर वर्षी गडदच होत चालली आहेत.

आता कुठे आहेत फॅक्स? मी विसरूनही गेले होते. काल दुपारी शारदेची लेक रेवा माझ्याकडे आली होती. दीड वाजता माझा मोबाइल वाजला. नंबर चार आकडी. उचलला, तर तीच शिट्टी.

"मौसी, स्पॅम आहे यार, ब्लॉक कर," म्हणत तिनं मोबाइल घेतला आणि नंबर ब्लॉकही केला.

मी मोबाइलकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

"रेवा... कोण आहे गं तो मुलगा?"

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तुला कुणी सांगितलं? मी तर अजून आईलापण..."

तिच्या हातातला मोबाइल पुन्हा वाजायला लागला.