राणीचं वाचन

परीक्षा जवळ आली म्हणून मी उत्कर्षला, माझ्या नवऱ्याला, नाटकातल्या राजाची भूमिका वाचायला बसवलं. सुरुवात एवढीच. घरी बसून एम.ए. करणारीला मेडशीसारख्या खेड्यात वर्गमैत्रिणी कुठून मिळणार? अभ्यासाला एक जुनी शोकांतिका होती. राणी अन्नात विष घालते असा राजाला संशय येतो, तो जेवण सोडतो आणि भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. पात्र कळायला हवं असेल तर ते मोठ्याने वाचा, असं बी.ए.चे सर सांगायचे. म्हणून राजा त्याने वाचला, राणी मी.

मरणाचा प्रवेश त्याने असा वाचला की माझ्या अंगावर काटा आला. पुस्तक मिटलं आणि मी ताटं वाढली.

"तू आधी खा," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.

मग रोज तेच. मी घास खाऊन दाखवला तरी तो पाण्यावरच राहायचा. शेतावरून डबा भरलेला परत यायचा. दवाखान्यात काही सापडलं नाही आणि माणूस तर डोळ्यांदेखत वाळत चालला. मला राग यायचा, त्याहून जास्त भीती वाटायची. तो माझ्या तोंडाकडे बघतच नसे, नुसता हातांकडे बघत बसे.

"राणी निर्दोष हाय हो," एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "संशय हाच राजाचा दोष. गाईडमधी बी तसंच हाय."

"राणी सैपाकघरात काय करते, हे कोनं पाह्यलं?"

मी पानं चाळली. नाटकात स्वयंपाकघराचा प्रवेशच नव्हता.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, धनजला पाहुणे गेले होते, ते परतले. मामाजी तरुणपणी गावच्या नाटकांत कामं करायचे. लेकाची दशा पाहून आणि माझ्याकडून सगळं ऐकून त्यांनी मलाच विचारलं, "वाचन झाल्यावर त्याले हाक मारली होती का?"

"कायची हाक?"

"सोंग मेलं का रंग पुसाच्या आधी घरच्या नावानं हाक माराव. मानूस ओ देये, मंगच उठे. तुमी तसेच जेवाले बसले... असं करू नाही, पोरी."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण बुडत्याला काडीचा आधार.

संध्याकाळी लोडशेडिंग होतं. कंदिलाच्या उजेडात मामाजींनी त्याला मरणाचा प्रवेश पुन्हा वाचायला लावला. शेवटचं वाक्य संपलं. मामाजींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "उत्कर्ष..."

मग तो म्हणाला, "ओ, बाबा." माझ्याकडे वळला आणि नीट माझ्या डोळ्यांत पाहिलं. "भूक लागली वं."

मी खाली बसले आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडले. डोळे पुसून पाहिलं तर तो जेवत होता, अगदी पोटभर जेवणाऱ्या माणसासारखा. वाटलं, सुटलो.

"राणी कोनं वाचली होती?" मामाजींनी हळूच विचारलं.

"मीनं. पन राणी कुठं मरते, मामाजी? ते तर शेवटपर्यंत..."

माझ्याकडे बघत त्यांनी हाक मारली, "धम्मदीपा..."

मी तोंड उघडलं. त्याआधी स्वयंपाकघरातून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "जी, आली."

घरात आम्ही तिघंच होतो. उत्कर्ष मान खाली घालून जेवत होता. त्याच्या ताटात ओल्या तुरीच्या सोल्यांची गरम भाजी होती, आणि मी तर अजून जागची उठले नव्हते.