आतलं वळण

अप्पांचं इंजिन गेली दोन वर्षं येत्या रविवारी सुरू होणार होतं. कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून अर्ध्या मिलिमीटरवरून लोकांशी हमरीतुमरीवर आलेला हा माणूस तारखांच्या बाबतीत मात्र भलताच उदार होता. मुलीचा फोन आला की उत्तर ठरलेलं असे. "इंजिन झालं की निघालोच. गाडी घेऊनच येतो."

मुलगी सहा तासांच्या अंतरावर राहायची. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, घर बंद करा आणि इकडे या. अप्पांनाही जायचं होतं, अगदी मनापासून. एकट्यासाठी काय रांधायचं म्हणून ते ओट्याशी उभ्याउभ्याच चहाबरोबर पाव खायचे आणि एकच कप विसळून ठेवताना त्यांना रोज वाईट वाटायचं. पण बॅग घेऊन बसने मुलीच्या दारात उतरायचं त्यांना जड जात होतं. नवराबायकोनं हौसेनं सांभाळलेली ती जुनी गाडी स्वतः चालवत जायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अडलं होतं ते मॅनिफोल्डपाशी. कार्बोरेटरमधून येणारी हवा आणि पेट्रोल चार सिलिंडरांना वाटून देणारा हा बिडाचा तुकडा, चार वाकड्या नळ्या एकत्र जोडल्यासारखा. जुन्या ओतकामामुळे नळ्या आतून खडबडीत होत्या. त्या घासून रुंद आणि गुळगुळीत केल्या की इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. काम सोपं नाही, कारण जिथे घासायचं तिथे नजर पोचत नाही. सगळा कारभार बोटावर.

आणि अप्पांची बोटं जाड. वळणाच्या अलीकडेच अडकायची. त्यामुळे पूर्वी हे काम दोघं मिळून करत. बायको शाळेत गणित शिकवायची, पर्समध्ये खडू कायम. ती डोळे मिटून आपलं बारीक बोट नळीत घालायची, आत जिथे खरखर लागेल त्याच्या बरोबर वर, बाहेरच्या अंगाला खडूचा ठिपका द्यायची. "इथे तुमची साफसफाई कच्ची आहे," असं वर ऐकवायचीही. अप्पा तेवढंच घासायचे, ती पुन्हा तपासायची. दोन नळ्या अशाच झाल्या. तिसरी अर्ध्यावर असताना ती आजारी पडली आणि महिनाभरात गेली.

मॅनिफोल्ड दोन वर्षं बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत तसाच होता. एका दुपारी अप्पांनी गॅरेज उघडलं, धूळ झटकली, तर तिसऱ्या नळीवर पांढरा ठिपका. तिचाच राहिला असेल, असं त्यांना वाटलं. मग ग्राइंडर लावून बरोबर त्या जागी आतून घासलं आणि रॉकेलच्या फडक्याने बाहेरचा ठिपका पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवून आले, तर ठिपका होता. कालच्यापासून नखभर अंतरावर.

अप्पा हिशेबी माणूस. त्यांनी गॅरेजचं कुलूप बदललं, खिडकीला आतून खिळा मारला. घरातले खडू शोधून काढले, तीन निघाले, ते शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकले. मग मोठ्या कागदावर मॅनिफोल्डचं मापात चित्र काढलं आणि रोजचा ठिपका तारखेसह त्यावर मांडायला सुरुवात केली. कारण काही सापडेना. ठिपका रोज दुपारी हजर.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि याचीच त्यांना थोडी लाज वाटली. ते दाढी करून गॅरेजमध्ये जाऊ लागले. काम करताना बोलू लागले, मुलीची खुशाली सांगू लागले. घर आता खायला उठत नव्हतं.

फक्त एक गोष्ट होती. नळीची भिंत मुळात चार मिलिमीटर. कॅलिपर लावून पाहिलं तर ठिपक्यांच्या जागी आता जेमतेम दीड उरली होती. भंगारवाल्याने आधीच बजावून ठेवलं होतं, "असा दुसरा पीस मिळायचा नाही, अप्पा. भोक पडलं तर गाडी शोभेला ठेवा." भोक पडलं तर गाडी गेली, आणि मुलीकडे जाणंही गेलं. हे त्यांना लख्ख कळत होतं.

"अगं, पुरे आता," ते एकदा मॅनिफोल्डकडे बघत म्हणाले. "सोडणार आहेस की नाही मला?"

दुसऱ्या दिवशी ठिपका होता. अप्पांनी निमूटपणे ग्राइंडर उचलला.

सत्ताविसाव्या ठिपक्याला त्यांनी कागद भिंतीला लावला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिला. ठिपके खरखर असेल तिथे, इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. ते एका ओळीत होते. वळणाच्या पार आतून निघालेली ओळ दिवसाला नखभर पुढे सरकत बाहेरच्या तोंडाशी आली होती.

त्या दुपारी त्यांनी काही घासलं नाही. फोन उचलला आणि मुलीला म्हणाले, "मला घ्यायला ये."

ती सकाळीच हजर झाली. वडिलांचे हडकलेले खांदे बघून तिचे डोळे भरून आले, म्हणून ती रागावली. "काय दशा करून घेतलीय अप्पा! आणि गाडीचं काय?"

"राहू दे गाडी."

"नक्की? मागाहून कुरकुर नको."

"नक्की गं. मला इथे राहायचं नाही."

हे बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते चक्क हसले. कपडे भरायला अर्धा तास पुरला. मुलगी म्हणाली, "तुम्ही बॅगा आणा, मी तोवर गॅरेज बंद करून येते."

बॅगा भरलेल्या होत्या. फक्त चष्म्याचं घर सापडेना, त्यात दोन मिनिटं गेली.

ते गॅरेजपाशी आले तेव्हा ती व्हाइसपाशी उभी होती. डोळे मिटलेले. आईसारखंच बारीक बोट तिसऱ्या नळीच्या तोंडात मुळापर्यंत गेलेलं.

"केवढं गुळगुळीत झालंय," ती म्हणाली.

 

ती खुदकन हसली. डोळे अजून मिटलेलेच होते.

"अप्पा, पुरे आता," ती म्हणाली. "सोडा माझं बोट."

अप्पा दारातच उभे होते. दोन्ही हातांत दोन बॅगा.