टाचेचा अंदाज

टाचेमागची कंडरा तुटते तेव्हा माणूस आधी मागे वळून पाहतो — कुणी लाथ मारली म्हणून! बॅडमिंटनच्या कोचनेही भर कोर्टवर वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीमागे मात्र ती होती. ऑपरेशनला किती पैसे लागतील हे आधी सांगायचं तिचं काम. म्हणून सगळे तिला अंदाजबाई म्हणत.

"एवढे?" कुबडी सावरत तो म्हणाला. "एक दोर शिवायचे?"

"शिवणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, थिएटरचा वेळ, नंतरचा व्यायाम... आणि खोली. स्वतंत्र खोली घेतलीत की ऑपरेशनचाही दर चढतो."

"टाचेला काय कळतं, खोलीत एसी आहे ते?"

"टाचेला नाही, बिलाला कळतं."

तो हसला. तिने मात्र त्याची विरलेली कॉलर पाहिली. माणसाची ऐपत कॉलरवरून ताडायची तिची जुनी खोड. बिचाऱ्याची ओढाताण दिसतेय...

"परवा या. बघते काही कमी होतंय का."

तो आला. तिने अंदाजपत्रकात त्याला जनरल वॉर्डात टाकलं. पुन्हा आला, तर एक मुक्काम उडवला. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मागे लागून त्यांची फी उतरवली. प्रत्येक खेपेला आकडा घटायचा, गप्पा वाढायच्या.

"आज काय कापलंत?"

"तुमची बडबड सोडून सगळं!"

आताशा कुबडीची टक्‌टक्‌ ऐकली की तिचा हात आपोआप केसांकडे जायचा.

मग महिनाभराने एकदा तो तपासणीहून आला, तो न हसता.

"उशीर झाला म्हणतात. तुटलेली टोकं लांब सरकलीत. आता दुसरीकडची कंडरा काढून जोडायची. आणि... कोर्टवर उडी विसरायची."

ती कीबोर्डवर नवा आकडा मांडायला लागली. मोठं ऑपरेशन, जास्त वेळ — इतक्या खेपांनी वाचवलेलं सगळं पाण्यात. आणि उडी? तिचा दर कुठल्या रकान्यात लिहायचा?

"पैसे जमत नव्हते तर बोलायचंत ना! मी कुठूनही..."

"पैसे पहिल्या दिवशीच होते."

"मग?"

"तुम्ही 'परवा या' म्हणालात..."

तिने त्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही कॉलर?"

"कॉलरचं काय? लाडका शर्ट आहे माझा."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. "सगळ्यांना बजावते मी, टाचेला उशीर परवडत नाही म्हणून. तुम्हालाच तेवढं..."

"बजावलं असतंत, तर दोनदाच भेटलो असतो."

बाहेर मळभ दाटलं होतं. तिने डोळे पुसले.

"उद्या सकाळी दाखल व्हा."

"परवा नाही?" त्याने हळूच विचारलं.

"उद्या!"

तिने खिडकी लावली आणि पहिल्यांदाच बाहेर, त्याच्या बाजूला आली. त्याची कुबडी काढून घेतली, आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.