इंजनेरसाहेबांची हाक

भुताखेताच्या गोष्टी रंगवून सांगणारं आमच्या घरात कुणी नाही. ही हकीकत माझ्या आईच्या मावशीची, शांताक्काची. तिनं ती एकदाच सांगितली, आणि तीही तळहातावर इष्टलिंग ठेवून. आम्ही लिंगायत; लिंग हातात घेऊन आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही.

गाव मुरुम. साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस, श्रावण. निजामाचं राज्य आज जातंय की उद्या, असं झालं होतं.

शांताक्काचे वडील महालिंगप्पा निजामाच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. उभा जन्म पूल, तलाव आणि विहिरी बांधण्यात गेला. पेन्शनीत निघाल्यावर ते मुरुमला येऊन राहिले. घरात त्यांना आप्पा म्हणत, गावात इंजनेरसाहेब.

असा माणूसवेडा माणूस गावानं पाहिला नव्हता. ओसरीवर बसले की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाच तसं जाऊ देत नसत. "बर्री, बर्री! या, या! चहा घेऊन जावा!" अर्धं कानडी, अर्धं मराठी. गाडीवाल्याला थांबवून बैलाचं नाव विचारत. लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या मेढी कुठं रोवायच्या ते हे सांगणार. मयत कुणाचीही असो, खड्डा खणायला पहिली कुदळ ह्यांची. मोहरमच्या सवारीपुढं पाणी शिंपडायलाही हेच. त्यांचा जिवलग दोस्त बाबामियाँ त्यांच्याच हाताखाली गवंडी होता. तो म्हणायचा, "साहेबांना भिंतीशीबी बोलायला लागतंय."

गावाबाहेर ओढ्यावर दगडी पूल होता. तोही आप्पांनीच बांधलेला.

त्या दिवसांत कायदा उरला नव्हता. धामधुमीचा फायदा घेऊन लुटारूंच्या टोळ्या फिरत. त्यांत सगळ्या जातीधर्माचे लोक होते. लुटीला जात नसते.

एका दुपारी गावात ओरड झाली. टोळी पुलावर आली.

लोकांनी धडाधड दारं लावली. आप्पा मात्र डोक्याला रुमाल बांधायला लागले.

"आप्पा, नका जाऊ," शांताक्का म्हणाली. नवरा वारल्यापासून ती माहेरीच होती.

"अगं, आपल्याच भागातली पोरं असतील. बोलून बघतो."

ते निघाले. मागं बाबामियाँ, त्याच्या मागं शांताक्का. पुलाच्या अलीकडं बाबामियाँनं तिला बाभळीआड ओढलं. तिथून तिनं सगळं पाहिलं.

टोळीतल्या सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. आप्पा पुलाच्या मधोमध गेले आणि चक्क हसले.

"अरे, तोंडं कशाला बांधलीत? धोंडप्पा, तुझी चाल काय लपती व्हय? आन् हा मुनवर! ह्या पुलाचा दगड तुझ्या बापानं घडवला रे. आन् विरू... तूबी? चला समदे घरी. चहा घेऊ, मग बोलू."

बस्स. तिथंच चुकलं.

नावं घेतली नसती, तर कदाचित दोन फटके देऊन सोडलं असतं...

धोंडप्पाची कुऱ्हाड डाव्या खांद्यात उतरली. इतकी खोल, की ती उपसायला त्यानं आप्पांच्या छातीवर पाय दिला. मुनवरची लोखंडी कड्यांची लाठी बरगड्यांवर पडत राहिली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज येत होता.

विरू, म्हणजे विरुपाक्ष, नुसताच उभा होता.

"तूबी मार!" धोंडप्पा ओरडला. "न्हाईतर तुलाबी हितंच झोपवतो!"

विरुपाक्षनं कठड्याचा सुटलेला दगड उचलला. आप्पा अजून जिवंत होते. त्याच्याकडं बघत होते. त्यांचे शब्द शांताक्काला स्वच्छ ऐकू आले.

"हळू रे पोरा... हाताला लागंल तुझ्या."

आणि दगड कपाळावर आला.

बाबामियाँनं तिचं तोंड दाबून धरलं होतं. तिनं त्याचा तळहात चावून फोडला, तरी त्यानं तो काढला नाही.

आपल्या हातून काय झालं ते बघून टोळी घाबरून पांगली. गाव वाचलं.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. आप्पांनाही ओढ्याकाठच्या शेतात तसंच बसवलं. मातीला एवढी माणसं जमली, की शेवटच्या माणसाला टाकायला माती उरली नाही.

मग दोन-तीन दिवसांनी ते सुरू झालं.

तिन्हीसांजेची वेळ. शांताक्का दिवा लावत होती. बाहेर पाऊस होता. पत्र्यावर सरी वाजत होत्या, ओढ्याकडं बेडूक ओरडत होते.

एकाएकी बेडूक थांबले...

मग पत्र्याचा आवाज थांबला. तिनं बाहेर पाहिलं. पाऊस पडतच होता. नुसता आवाज नव्हता.

आणि ओसरीवरून हाक आली...

"बर्री, बर्री! धोंडप्पा... ये की रे. चहा घेऊन जा."

आप्पांचाच आवाज. तोच प्रेमळ, हसरा.

ती धावत ओसरीवर आली.

कुणी नव्हतं.

सकाळी धोंडप्पा पुलाखाली सापडला. डावा खांदा छातीपर्यंत उभा चिरलेला. त्याची कुऱ्हाड त्याच्याच घरी आढ्याला लटकलेली, कोरडी. बायको सांगत होती, जेवता जेवता ताटावरून उठला. 'इंजनेरसाहेब बोलावतेत' म्हणाला. आन् हसत हसत गेला.

हे ऐकून मुनवर येरमाळ्याला नातेवाइकांकडं पळाला. एवढ्या लांब कोण येतंय, असं त्याला वाटलं असावं.

एका संध्याकाळी शांताक्काच्या ओसरीवरून पुन्हा हाक आली. "मुनवर... ये बाळा."

त्याच वेळी येरमाळ्यात, भर रस्त्यात, दुकानासमोर मुनवर एकदम वळला. "आलो साहेब," म्हणाला. आणि पहिला फटका बसला. मारणारा कुणी नव्हता. फटके तेवढे दिसत होते. छाती आत जायची, कडकड वाजायचं, तोंडातून रक्त उडायचं. लोक उभ्या जागी थिजले. त्याला धरायला गेलेल्या एकाच्या मनगटाचं हाड मोडलं.

येरमाळ्याहून आलेल्या माणसानं हे सांगितलं, तेव्हा बाबामियाँ ओसरीवरच बसला होता. तो उठला आणि ओसरीवरून खाली उतरला.

"अक्का," तो म्हणाला, "साहेबांनी जिंदगीत कुत्र्याला धोंडा मारला न्हाई. हे साहेब न्हाईत."

"आवाज त्यांचाच हाय, चाचा."

"आवाज त्यांचाच हाय," बाबामियाँ म्हणाला. "त्येचंच भ्या वाटतंय."

भाद्रपद लागला. भारताची फौज नळदुर्गाकडून आत शिरल्याची बातमी आली. त्याच दिवशी दुपारी कुणीतरी मागच्या दाराशी कण्हलं.

दार उघडलं तर विरुपाक्ष. चिखलानं भरलेला, डोळे खोल गेलेले.

हा विरू शेजारच्या घरातला. त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आई आजारी पडली होती आणि शांताक्काचं स्वतःचं बाळ नुकतंच गेलं होतं. विरूला तिनं आपल्या अंगावर पाजलं होतं.

तिनं चुलीजवळचा कोयता उचलला.

"मार," तो गुडघ्यावर बसत म्हणाला. "तू मार, अक्का. पन मला त्यांच्या हाती दिऊ नको. ते लई मायेनं बोलावतेत. हाक आली की म्या न्हाय थांबू शकत."

"त्यांनी तुझं काय वाईट केलं होतं रं?"

"नाव घेतलं. समद्यांदेखत माझं नाव घेतलं." तो हमसून रडायला लागला. "आन् अक्का, टोळी आज सांजच्याला परत यायलीय. फौज यायच्या आधी गाव लुटून, पेटवून पळनार हायेत."

कोयता तिच्या हातात तसाच राहिला. सांगताना ती म्हणाली, कपाळावर मारायचं मनात होतं, पण मला त्याची टाळूच दिसत होती, लहानपणची.

तिनं कोयता ठेवला.

तिनं बाबामियाँला बोलावून घेतलं. त्यानं गावात सांगावा धाडला. लोकांनी दारांना खाटा आणि उखळं लावली. मग त्यानं विरूच्याच सांगण्यावरून त्याला माजघरातल्या खांबाला बांधलं आणि त्याच्या कानांत कापूस कोंबला. शांताक्कानं माजघराचं दार ओढून बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली.

दिवस कलला.

बेडूक थांबले...

बाबामियाँच्या ओठांवर दुआ होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता...

"शांता," ओसरीवरून आप्पांनी विचारलं, "घरात कोण आलंय गं?"

आजवर तिला हाक आली नव्हती.

"आप्पा, तो माझं दूध प्यालाय," ती म्हणाली. "तुमचा नातू म्हना. त्याला सोडा, आप्पा. तुमच्या पाया पडते. त्याचा जीव मला द्या."

तिनं ओसरीच्या दिशेनं पदर पसरला...

मग अगदी शांतपणे उत्तर आलं.

"बरं."

बेडूक ओरडायला लागले. पत्रा वाजायला लागला. शांताक्का ओक्साबोक्शी रडली. आप्पांनी ऐकलं. आप्पा आप्पाच होते.

तेवढ्यात पाठीमागून, बंद दाराच्या आतून...

"शांता, कडी काढ गं. पाऊस थांबला का?"

बाबामियाँनं मान हलवून नको नको म्हटलं. पण तिचा हात कडीवर गेला होता.

खांबाला दोर तसाच होता, गाठीसकट. विरू त्याच्याबाहेर उभा होता. एक हात पाठीशी धरून, किंचित वाकून. आप्पा उभे राहायचे तसा.

"बाबामियाँ, तू किती वाळलास रे," तो म्हणाला. ओठ विरूचे, आवाज आप्पांचा.



त्यानं पुढं येऊन शांताक्काच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, हात आप्पांचाच होता. तेच वजन. मला वाटलं, आता काही झालं तरी चालंल.

"पुलावर पोरं आलीत," तो प्रेमानं म्हणाला. "समद्यांना बोलावून आणतो."

आणि जाता जाता त्यानं कोपऱ्यातली लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली. छत्री उचलावी तशी, सहज.

ती दारातून बाजूला झाली.

थोड्या वेळानं पुलाकडून हाका ऐकू आल्या. एकेक नाव. प्रत्येक नावामागं "ये रे", "ये बाळा". आणि प्रत्येक नावामागं एक किंकाळी. ढोरासारखी, लांबलेली. माणसं पळत का नव्हती, हे कुणालाच कळलं नाही. बंद दारांआड सगळं गाव ऐकत होतं. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी देवापुढं बसलं.

मग फक्त ओढा वाहत राहिला.

उजाडल्यावर लोक गेले. पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओढ्याचं पाणी खालच्या वाकणापर्यंत लाल. तुटलेले हात, उघडी पडलेली डोकी. आणि सगळ्यांच्या तोंडावरची फडकी सोडून, नीट घडी करून कठड्यावर ठेवलेली.

विरुपाक्ष मधोमध मांडी घालून बसला होता. आमच्यात मातीत बसवतात तसा. कपाळाचा चेंदा झालेला. दगड त्याच्याच दोन्ही हातांत.

त्या दिवसांत प्रेतं मोजायला कुणाला सवड नव्हती. फौज आली, राज्य गेलं. गाव म्हणालं, मेल्यावरही इंजनेरसाहेबांनी आपल्याला राखलं. आजही गावातल्या घरांत त्यांचं नाव काढलं, की माणसं हात जोडतात.

शांताक्कानं मात्र कधी जोडले नाहीत. "आप्पांनी दिलेला शब्द कधी मोडला न्हवता," एवढंच ती शेवटी म्हणाली. "त्यांनी बरं म्हटलं हुतं. मग विरू का गेला? आन् माझ्या डोक्यावर हात कुणाचा हुता?"

 

शांताक्का सोलापुरात वारली. खूप म्हातारी होऊन. शेवटची कितीतरी वर्षं तिला ठार ऐकू येत नव्हतं. कानाशी ताट वाजवलं तरी ती ढिम्म बसून राहायची.

ती गेली तेव्हा मी तिथं होतो. संध्याकाळ होती. बाहेर रस्त्यावर रहदारी चालू होती, आणि एकाएकी गाड्यांचा नुसता आवाज थांबला...

शांताक्का अंथरुणात ताडकन उठून बसली. तिनं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले.

खोलीत आम्ही चार-पाच जण होतो. दाराकडं कुणीच पाहिलं नाही.