मौनीवरच्या दऱ्या

मौनी नावाच्या त्या चंद्राची जमीन कुणीच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. 'तरंगिणी' यान गेले कित्येक महिने त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं, पण खिडकीतून दिसायचा तो नारिंगी धुक्यात गुरफटलेला एक गुळगुळीत गोळा. त्या धुक्याखाली डोंगर आहेत, दऱ्या आहेत, कोरड्या नदीपात्रांची जाळी आहेत, हे कळलं ते डॉ. केतकी लोटलीकर यांच्यामुळे.

केतकी रडारवाचक होती. यानाच्या कुशीतून रेडिओलहरी तिरप्या सोडायच्या, धुकं भेदून त्या खाली जायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून जमिनीची प्रतिमा तयार व्हायची. खडबडीत जागा उजळ दिसायची, कारण ती लहरी चहूकडे उधळते आणि त्यांतल्या काही यानाकडे परततात. गुळगुळीत जागेवरून लहरी पलीकडे निसटून जातात, म्हणून ती काळी दिसते. सोनोग्राफीच्या पडद्यावर इतरांना नुसता करडा गोंधळ दिसतो आणि डॉक्टरला बाळाची बोटं दिसतात, तसं केतकीला त्या दाणेदार प्रतिमांमध्ये कडे, घळी आणि दगडगोटे दिसत. मौनीवरच्या नद्यांना तिने आपल्या सिंधुदुर्गातल्या नद्यांची नावं दिली होती. कर्ली, तेरेखोल, तिळारी.

पहिलं अवतरण व्हायचं होतं ते तिळारीच्या दरीत. रुंद पात्र, दोन्ही बाजूंनी उतार, तळाला मुरमासारखा थर. अवतरक, म्हणजे खाली उतरायचं छोटं यान, घेऊन जाणार होता रेमंड घोन्साल्विस, वसईचा, यानावरचा सगळ्यांत तरुण माणूस. मोहिमेचे प्रमुख हिरामण गावित आणि केतकी वरून लक्ष ठेवणार होते. यानावर माणसं तीनच. पृथ्वीला विचारावं तर उत्तर यायला वर्षं लागली असती. जो काही निर्णय घ्यायचा तो इथेच.

अवतरणाच्या आदल्या दिवशी केतकी गावितांकडे आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"गावित, तिळारीचा तळ जागेवर राहत नाहीये."

"म्हणजे?"

"एखादी जागा दोन वेगळ्या कोनांतून पाहिली की तिची उंची काढता येते. अख्ख्या मौनीचा नकाशा आपण असाच केला. पण उतरण्याची जागा म्हणून तिळारी मी तिसऱ्या कोनातूनही पाहिली, खातरजमा म्हणून. पहिल्या जोडीने तळ जितका खोल सांगितला, दुसरी जोडी त्याहून वेगळा सांगते, तिसरी आणखी वेगळा."

"यानाची कक्षा मोजण्यात चूक झाली असेल."

"मग शेजारच्या सुळक्याची उंची तिन्ही वेळा तंतोतंत एकच कशी आली? चूक असती तर तिथेही दिसली असती."

गावितांनी आकडे पाहिले. ते सावध गृहस्थ होते, पण हट्टी नव्हते. "फरक किती आहे, डॉक्टर? थोडासाच. दरीत प्रतिध्वनी इकडेतिकडे आपटतात, त्याने होत असेल. शिवाय अवतरकाला स्वतःचा उंचीमापक आहे. तो सरळ खाली पाहतो. तिथे चूक व्हायला वाव नाही."

केतकीला ते पटलं नाही, आणि खोडूनही काढता येईना.

दुसऱ्या दिवशी रेमंडचं अवतरक धुक्यात शिरलं. मौनीची हवा दाट आणि गुरुत्वाची ओढ कमी, त्यामुळे ते पिसासारखं डुलत खाली चाललं होतं. बाहेर संधिप्रकाशाहूनही मंद, तांबूस अंधार.

"सर, एक गंमत आहे," रेमंडचा आवाज आला. "नकाशा म्हणतो जमीन अजून बरीच खाली आहे. उंचीमापक म्हणतो जवळ आलीय. आणि काय सपाट आहे म्हणून सांगू! प्रतिध्वनी इतका जोरात येतोय की काटा टोकाला चिकटलाय. एवढी सपाट जागा मिळणार असेल तर मी डोळे मिटून उतरतो."

गावित हसले. "बघा डॉक्टर, तुमचा नकाशाच थोडा खोल गेला होता."

केतकी हसली नाही. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींवर येऊन आदळल्या होत्या. सरळ वरून पाहिलं की आरशासारखं लख्ख चमकणारं, आणि तिरपं पाहिलं की अजिबात न दिसणारं असं काय असतं?

"रेमंड, थांब!" ती ओरडली. "खाली जाऊ नकोस! आहेस तिथेच तरंगत राहा!"

"काय झालं, ताई?"

"ती जमीन नाही. ते द्रवाचं पृष्ठ आहे. मिथेन. एक लाटही नाही त्याच्यावर, म्हणून माझ्या तिरप्या लहरी तिथून थोड्याशा पलीकडे निसटतात आणि बाकीच्या सरळ आत शिरतात. शुद्ध मिथेन रेडिओलहरी अडवतच नाही. तळाच्या दगडांवर आपटून त्या परत येतात. मी दगड पाहिले, गोटे पाहिले, पण त्यांच्यावर काय भरलंय ते मला दिसलंच नाही."

गावित खुर्चीत पुढे सरकले. "म्हणून तळ हलत होता?"

"हौदातला दगड काठावर बसून पाहा, मग उभं राहून पाहा, तो वेगवेगळा खोल वाटतो. लहर पृष्ठावर वाकते ना! जागा बदलली की ज्याची खोली बदलते, ती वस्तू कशाच्या तरी आड असते. मला कालच कळायला हवं होतं."

रेमंडचा आवाज खरखरत आला, "ताई, मी खालचा दिवा लावलाय. उंचीमापक म्हणतो खाली वीस मीटर. पण मला तळ दिसतोय, तो कितीतरी खोल आहे. गोटे दिसतायत, वाळूवरच्या रेघा दिसतायत. मधे काहीच नाही. खरंच काही नाही. उंचीमापक बिघडला असेल का?"

"रेमंड, तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस."

"मग कशावर ठेवू?"

केतकीने श्वास घेतला. "इंजिनाचा झोत किंचित वाढव. फक्त किंचित. आणि खाली बघ."

झोत वाढल्याचा आवाज आला. त्यानंतर रेमंड जे बोलला ते शब्द नव्हतेच, लहान मुलाने पहिल्यांदा काजवा पाहावा तसा तो हुंकार होता.

"ताई... सगळं हललं. तळ, दगड, सगळं विस्कटून गेलं. लाटा आल्यात. एवढ्या हळू लाटा मी कधी पाहिल्या नाहीत. समुद्र आहे हा. माझ्या पायाखाली समुद्र आहे!"

त्याच वेळी यानाच्या पडद्यावर तिळारीच्या दरीच्या मधोमध एक लहानसं वर्तुळ उमटलं. त्या वर्तुळात ना पात्र होतं, ना गोटे. पृष्ठ खडबडीत झालं होतं आणि रडारला आता तेच दिसत होतं. गावित त्या वर्तुळाकडे वाकले. मग म्हणाले, "रेमंड, वर ये बाळा."

रेमंड सुखरूप परत आला. यानात शिरताच त्याने केतकीला वाकून नमस्कार केला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आता प्रश्न होता तो या तळ्याचा काठ शोधण्याचा. काठाची खूण सोपी होती. जिथे तिन्ही कोनांतून एकच उंची येईल तिथे कोरडी जमीन, जिथे येणार नाही तिथे द्रव. केतकीने तिळारीच्या उतारांवर वर वर जात ती रेषा शोधायला सुरुवात केली. दरीच्या प्रतिमेत ती सापडेना. तिसऱ्या कोनाची प्रतिमा तेवढ्याच भागाची होती, आणि त्यात कोरडा निघाला तो एकटा सुळका.

गावितांनी यानाची कक्षा बदलली. आठवड्यामागून आठवडे 'तरंगिणी'ने मौनीचा इंच न् इंच तिसऱ्या कोनातून पाहिला. शेवटची फेरी संपल्यावर तिघं पडद्यासमोर बसले. गणकाला आज्ञा होती, की जिथे उंच्या जुळत नाहीत तिथे निळा रंग भर.

आधी तिळारी निळी झाली. मग कर्ली, मग तेरेखोल. निळा रंग खोऱ्यांतून मैदानांत शिरला, मैदानांवरून पठारांवर चढला. ज्या पठाराला त्यांनी मौनीचं छप्पर म्हटलं होतं, ते बुडायलाही फार वेळ लागला नाही. आणि सगळीकडे तो थांबत होता एकाच उंचीवर, चंद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनच कोन असताना प्रत्येक ठिकाणची एक उंची निघत होती आणि ती खोटी आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. तिसऱ्याने सगळा साक्षीपुरावाच उलटवला होता.

शेवटी उरली सुळक्यांची एक तुटक ओळ. बाकी अख्खा चंद्र निळा.

"म्हणजे आपण इतके महिने जमिनीचा नकाशा केलाच नाही," गावित हळू आवाजात म्हणाले.

"केला की," केतकी म्हणाली. "समुद्राच्या तळाचा केला. समुद्रच तेवढा राहून गेला."

"पण ताई, त्या नद्या?" रेमंडने विचारलं. "समुद्राच्या तळाशी नद्या कशा वाहतील?"

केतकीने मान हलवली. "त्या वाहिल्या तेव्हा समुद्र नव्हता. मग पाऊस पडत राहिला असणार. किती युगं, कोण जाणे. डोंगर बुडेपर्यंत."

खिडकीबाहेर नारिंगी गोळा नेहमीसारखाच गुळगुळीत दिसत होता.

दुसरं अवतरण झालं ते एका सुळक्याच्या खांद्यावर. या वेळी रेमंडच्या शेजारी केतकी होती. पायाखाली खडक लागला तेव्हा तिने टाचेने तो दोनदा ठोकून पाहिला. दिव्याच्या उजेडात उतार खाली खाली जाताना दिसत होता, धोंडे, कपारी, त्याखाली आणखी धोंडे, थेट अंधारापर्यंत. कुठे ओलसर कड नाही, कुठे चकाकी नाही. जमीन कुठे संपते ते तिला दिसेना.

"पुढे जाऊ नका, ताई," रेमंडने तिचं मनगट धरलं.

केतकीने वाकून एक खडा उचलला आणि उतारावर टाकला. तो आळसावल्यासारखा तरंगत गेला, दोन माणसांच्या अंतरावर हवेतच क्षणभर अडखळला, आणि मग अधिकच सावकाश खाली जाऊ लागला. जिथे तो अडखळला होता तिथून एक वलय निघालं. त्याच्यामागून दुसरं. दोन्ही वलयं घाई न करता दिव्याच्या उजेडाबाहेर निघून गेली, आणि पुढे हजारो कोस त्यांना अडवायला काही नव्हतं.