दोन शाळांची एक बकरी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडवर अफ्रीन मोबाईल उंच धरून गोल गोल फिरत होती. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, टपरीवरच्या चहातला आल्याचा वास, आणि मोबाईलवर इंटरनेटचं एक पान... अर्धं उघडून तसंच अडकलेलं. थोड्या वेळात शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिला हेच पान सगळ्यांना दाखवायचं होतं.

"मॅडम, तिथं रेंज नाई येत," मागून कुणीतरी म्हणालं. "रसवंतीच्या मागं जाऊन उभ्या राहा. तिथं भेटते."

एक उंच तरुण. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि डोळ्यांत हसू — ओठांवर मात्र नाही. ती रसवंतीमागे गेली, पान झटकन उघडलं. आभार मानायला वळली, तोवर तो दिसेनासा झाला होता.

तो पुन्हा दिसला तो प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, शेवटच्या बाकावर.

अफ्रीन रोज वाशीमहून ये-जा करून किन्हीराजाच्या शाळेत चौथीला शिकवायची. तिची मुलं बोलायला लागली की थांबायची नाहीत, पण निबंध लिहायला सांगितला की सगळ्यांच्या वहीत एकच निबंध, फळ्यावरचा. म्हणून तिनं इंटरनेटवरची फुकटची साधनं धुंडाळली होती. एक पान असं, की कितीही जणांनी, कुठूनही, एकाच वेळी त्यावर लिहावं. आणि एक सोय अशी, की मूल बोललं की अक्षरं आपोआप उमटावीत. मग ते मूल आपलंच बोलणं वाचतं, चुकलेलं नीट करतं, आणि त्याला कळतं, हे आपणच लिहिलं. हॉलमध्ये ती हे जीव तोडून सांगत होती.

शेवटच्या बाकावरचा तरुण उठला. नाव खालिद, मालेगावच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षक. त्याच्या वर्गाचं सुंदर हस्ताक्षर तालुक्यात गाजलेलं.

"मॅडम, लेकराच्या हातात पेन्सिल टिकत नाई अजून, अन् तुमी मोबाईल देऊन राह्यल्या. बोलून बोलून लिहिलं तर हात कवा वळंल?"

"हात वळते सर," ती म्हणाली. "पन लिहाले काई असन तवा ना. तुमच्या वर्गाच्या मागच्या निबंधात लेकरायचं सोताचं एक तरी वाक्य होतं?"

हॉल हसला. खालिदनं मात्र खरोखरच विचार केला. मान खाली घालून, मनातल्या मनात एकेक वही आठवल्यासारखा.

"नव्हतं," तो म्हणाला, आणि खाली बसला.

त्या एका शब्दानं अफ्रीनचं उरलेलं भाषण विस्कटलं. भांडायला आलेला माणूस इतक्या सरळपणे हरतो, याची तिला सवय नव्हती.

त्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या संगीता मॅडमनी मग तोडगा काढला. दोघांच्या वर्गांनी त्या पानावर मिळून एक गोष्ट लिहायची. एक आठवडा अफ्रीनची मुलं, पुढचा आठवडा खालिदची. तिच्या मुलांनी बोलून लिहावं, त्याच्या मुलांनी आधी कागदावर आणि मग पानावर.

किन्हीराजाच्या मुलांनी सुरुवात केली. एक बकरी एकटीच एसटीत चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. बोलता बोलता मोबाईलनं 'मले' चं 'मळे' केलं, 'बकरी' ची 'भाकरी' केली, आणि मुलं हसून हसून लोळली. पण एकेक शब्द त्यांनी स्वतः शोधून दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी अफ्रीननं पान उघडलं तर गोष्ट वेगळीच. 'मले खिडकी पायजे' म्हणणारी बकरी आता 'मला खिडकीजवळ बसण्याची इच्छा आहे' म्हणत होती. खालिद सरांनी रात्रीतून शुद्धलेखन तपासलं होतं. वर्गात एक मुलगी रडवेली झाली, आमची बकरी अशी नाही बोलत म्हणाली.

पानाची जुनी प्रत परत आणता येते, हे अफ्रीनला ठाऊक होतं. तिनं सगळी गोष्ट पहिल्यासारखी केली आणि मग खालिदला फोन लावला. ती बरंच बोलली.

"चुकलंच माह्यं," शेवटी तो म्हणाला. "मी तुमच्या लेकरायची माफी मांगतो. पन एक सांगा... गोष्ट सांगणारा शुद्ध लिहील अन् बकरी आपल्या बोलीत बोलंन, असं चालते का?"

"चालते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ त्याचा तो प्रश्न तिच्या मनात घोळत राहिला. उगाचच.

मग संध्याकाळी दोघंही पान उघडू लागले. लिहिणारा जिथे असेल तिथे त्याची रेघ लुकलुकते. त्याची निळी, तिची गुलाबी. मुलांच्या वाक्यांवरून निळी रेघ हळूच सरकत यायची, गुलाबी रेघेपाशी येऊन थांबायची... काहीच न लिहिता. पानाच्या कडेला शेरे लिहायची सोय होती. मुलांसाठी होती खरं तर.

'बकरी लय हट्टी हाये,' त्यानं एकदा कडेला लिहिलं. 'अफ्रीन नाव ठेवाव का?'

'ठेवा,' तिनं लिहिलं. 'कंडक्टर बी तुमच्यासारखाच हाये. उगाच सगळ्यायच्या चुका काढते.'

निळी रेघ लुकलुकत राहिली. वाशीमच्या घरात अफ्रीन एकटीच हसली, आणि अम्मीनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून पाहिलं.

हुरड्याच्या दिवसांत नागपूरचं स्थळ आलं. मुलगा मोठ्या कंपनीत, घर भरलेलं. फक्त मुलीनं नोकरी सोडावी, एवढंच मुलाच्या आईचं म्हणणं. अफ्रीन सरबत देऊन खाली मान घालून बसली. त्यांच्या घरात मुलगी गप्प राहिली की होकार समजायचे. अब्बांनी, जमशेदभाईंनी, हसत हसत पाहुण्यांना निरोप दिला.

मालेगावच्या स्टँडवर चहा पिताना तिनं हे खालिदला सांगितलं. का सांगितलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. तो ग्लासात पाहत राहिला.

"चांगलं स्थळ हाये," म्हणाला.

त्यानंतर निळी रेघ आलीच नाही. बकरीची एसटी नदीच्या पुलावर अडकली होती आणि पुढचा भाग त्याच्या वर्गाचा होता. किन्हीराजाची मुलं रोज विचारायची, मॅडम, बकरी कायले थांबली? अफ्रीन रोज उद्याचं नाव सांगायची. शेवटी तिचा राग अनावर झाला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती वाट वाकडी करून थेट त्याच्या शाळेत गेली.

अवकाळी भुरभूर लागली होती. मुलं घरी गेलेली, ओल्या मातीचा आणि तुरीच्या भुसाचा वास सुटलेला. खालिद व्हरांड्यात एकटा बसला होता. समोर मुलांनी सुरेख अक्षरात लिहिलेले कागद होते. पुढचा भाग केव्हाच तयार होता.

"मंग पानावर काहून नाई टाकला?" तिनं पायरीवरूनच विचारलं.

"पान उघडलं की तुमची रेघ दिसते."

"मंग?"

"मंग लेकरायचं काई दिसत नाई." तो उठून उभा राहिला. "दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या पोरीची वाट पाहत बसणं बरं नाई, म्हून बंद केलं."

"मी जाऊन राह्यली, असं कोणं सांगितलं तुमाले?" तिच्या ओढणीवरून पाण्याचे थेंब घरंगळत होते. "तुमीच म्हणले, चांगलं स्थळ हाये."

"दुसरं काय म्हणाव होतं मी?"

"मनात होतं थे."

पत्र्यावर भुरभूर वाजत राहिली. त्यानं हातातले कागद एकदा नीट केले, पुन्हा विस्कटले.

"अफ्रीन..." मॅडम नाही, नुसतं अफ्रीन. "मले तुमच्यासंग लगन करायचं हाये. नोकरी सोडाव लागणार नाई. अन् मी चुकलो तर तुमी असंच फोन करून भांडाव."

ती वळून पावसाकडे पाहू लागली, कारण चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

"हे अम्मी-अब्बाले येऊन सांगा," ती म्हणाली. "पन पयले माह्या लेकरायची बकरी पुलाच्या पार न्या."

बकरी त्याच संध्याकाळी पार झाली. आणि आठवड्याच्या आत खालिदची आई, कुलसुमबी, मुलाला घेऊन वाशीमला आली.

जमशेदभाईंनी मान राखून बसवलं, पण त्यांचा चेहरा अवघडलेला. आपल्या चपलांच्या दुकानात गिऱ्हाईकाला मापाचा जोड नाही म्हणून सांगताना ते जसं बोलायचे, तसंच बोलले. पोरगा चांगला आहे, पण नागपूरवाल्यांना एकदा शब्द गेलाय. पोरगी तेव्हा काही बोलली नाही, म्हणजे तिची मर्जी होती.

चहाचा ट्रे घेऊन अफ्रीन दारात उभी होती. ट्रेमधले कप किणकिणत होते. तिनं ट्रे खाली ठेवला आणि या वेळी मान खाली घातली नाही.

"अब्बा, नागपूरवाले आले तवा मी गप होती. थो होकार नव्हता." मग ती खालिदकडे न पाहता म्हणाली, "हा होकार हाये."

अम्मीनं पदर तोंडाशी नेला. जमशेदभाई लेकीकडे पाहत राहिले, जणू तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्यांनी एक कप उचलला आणि स्वतः कुलसुमबींच्या पुढे धरला.

"च्या घ्या, ठंडा होऊन राह्यला," ते म्हणाले. "नागपूरले फोन मी करतो."

खालिदनं आपला कप उचलला आणि अर्धा चहा बशीतच सांडला. अफ्रीननं ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.