हरवलेलं शून्य

"तलाव बंद? आणि तोही ऐन सुट्टीत?" चिमणीच्या खांद्यावरचा टॉवेल घसरून खालीच पडला.

"फक्त मुलांचा. उद्यापासून," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिची शिट्टी हरवल्यापासून पोरांना ओरडून ओरडून पोहायला शिकवताना तिचा घसा पार बसला होता. "तलावाचे साहेब म्हणतात, मुलं येईनाशी झालीत. भिंतीवर आलेखच आहे म्हणे."

"पण मला अजून तरंगतासुद्धा येत नाही!" धाकटा भाऊ शेपूट रडवेला झाला. या सुट्टीत त्याला शिकवायचं चिमणीने कबूल केलं होतं.

तिने टॉवेल उचलला. "चला रे! बघूच तो आलेख."

चिमणी, शेपूट आणि मामेभाऊ ढब्बू अशी वरात साहेबांच्या खोलीत घुसली, मागोमाग मावशी.

"हा बघा!" साहेबांनी पट्टी रोखली. भिंतीवर तेलरंगाने स्तंभालेख रंगवला होता, त्याच्यापुढे पुरुषभर उंचीचं कपाट. कपाटावरून डोकावणारा गेल्या वर्षीचा स्तंभ चांगला वीतभर, यंदाचा जेमतेम दोन बोटं! "हत्तीचा उंदीर झालाय, उंदीर!"

चिमणीचा चेहरा उतरला. शेपूट मात्र मान वर करून कडेचे आकडे वाचत होता. "हजार... नऊशे... ताई, शून्य कुठाय?"

चिमणीने टाळीच वाजवली! "साहेब, स्तंभाची उंची बुडापासून मोजतात. यांची बुडं कुठायत?"

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं. "ते... पलीकडच्या भिंतीला ओल आली, म्हणून मागच्या महिन्यात मीच इथे सरकवलं."

"ढब्बू, लाव खांदा!"

"नेहमी मीच का?"

"मग सकाळचा नाश्ता कधी कामी येणार?"

कर्रर्र! कपाट हललं. मागे दोन्ही स्तंभ पार खालपर्यंत उतरले होते, जुळ्या भावांसारखे! एक हजाराचा, दुसरा नऊशे वीसचा. आणि तळाशी, कोळिष्टकांत, गोलमटोल शून्य.

"उंदीर कुठाय, साहेब?" ढब्बूने घाम पुसत विचारलं.

"अगं बाई, माझी शिट्टी!" मावशीने कोळिष्टकांतून ती ओढून काढली. "महिनाभर घसा फोडतेय मी!"

साहेब ओशाळून हसले. "शाबास, पोरांनो! मी हा आलेख रोज बघायचो, वाचला मात्र तुम्ही. तलाव चालू राहणार!"

फुर्रर्र! शिट्टी वाजली, पोरं पाण्यात!

"ताई, हात सोडू नकोस हं!" शेपूट डोळे गच्च मिटून ओरडला.

"मघाशीच सोडलाय, वेड्या!" चिमणी हसली.

शेपूट तरंगत होता.